बत्तीस पायांची भारचाचणी

माणूस कशाला तरी टेकल्याशिवाय फार वेळ उभा राहू शकत नाही, आणि ज्याला टेकतो ते तपासून पाहण्याची त्याला सवय नाही. या दोन सत्यांच्या मधल्या फटीत शासनाने भारचाचणी बसवली आहे.

गोंदियाजवळ, नागऱ्याच्या पलीकडे एका गावच्या तलावावर 'तलाव दर्शन सज्जा' उभा राहिला. सज्जा म्हणजे पाळीवरून, तलावाच्या बांधावरून, पाण्यावर बाहेर काढलेला सिमेंटचा ओटा. तलाव आधीही दिसत असे, पण तो नुसता दिसत असे. त्याला दर्शन म्हणता येत नव्हते. सज्ज्याला काचेचे रेलिंग आहे. काच स्टीलच्या बत्तीस पायांत उभी आहे आणि एकेक पाय चार बोल्टांनी सिमेंटात रोवला आहे. (काचेच्या रेलिंगचा मोठा गुण हा, की त्यात काही लपत नाही. बोल्ट सिमेंटच्या आत असतात.)

हे पाय बसवायला घेतले उदारामजींनी; मंजू ही त्यांची मुलगी. त्यांचे वाडवडील तलाव बांधणारे. त्या घराची रीत अशी, की नवा तलाव पहिल्यांदा भरला की बांधणाऱ्याने पाळीच्या खालच्या अंगाला, कोरड्या बाजूला, बायकापोरांसह पंगत मांडून जेवायचे. पाळ टिकली तर जेवण पचले. उदारामजींनी तलाव बांधले नाहीत, गोंदियात फॅब्रिकेशनचे दुकान टाकले. पण रीत सोडली नाही. पाय बसला, त्यावर काच चढली, की ते तिथे काचेला पाठ लावून पूर्ण रेलत आणि डब्यातली एक पोळी खात. एका पायाला एक पोळी, दिवसाला चार पाय.

"पोटात अन्न गेलं का मानसाचं वजन खरं होते," असे ते म्हणत. या पद्धतीचा उल्लेख कुठल्याही नियमावलीत नाही. ती पद्धत अयोग्य असल्याचा हा पुरेसा पुरावा आहे.

सात दिवसांत अठ्ठावीस पाय झाले. आठव्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेले. डबा परत आला.

उरलेले चार पाय ठेकेदार खेमराज यांनी एका दुपारात बसवले. कार्यक्षमता यालाच म्हणतात. त्या पायांसाठी आणलेले सोळा चार-इंची बोल्ट मात्र दुकानात डब्यात तसेच राहिले, आणि तेराव्यानंतर आवराआवर करताना मंजूने ते मोजले. मग सिमेंटात काय गेले, हा प्रश्न तिच्याशिवाय कोणाला पडला नाही. तोवर काम पूर्ण झाल्याचा नमुना भरून झाला होता. त्यात लिहिले होते: 'पाय क्र. १ ते ३२ बसवणारे व जबाबदार: कै. उदाराम.' (कार्यालयाची पसंती कैलासवासी व्यक्तीला असते. ती उलट पत्र पाठवत नाही.)

मंजू शाळेत शिकवते. अर्ज लिहिणे तिला येते. तिने लिहिले, 'चार पाय पुन्हा बसवावेत, नाहीतर त्या चारांपुढचे माझ्या बाबांचे नाव काढावे.'

कार्यालयाने अर्जाची तात्काळ, म्हणजे सातव्या आठवड्यात, दखल घेतली. अभियंता भूपेंद्र यांनी एक शिल्लक पाय कार्यालयाच्या आवारात मागवला, जमिनीवर ठेवला, त्यावर फळी टाकली आणि फळीवर तांदळाचे कट्टे, म्हणजे पोती, रचले. निरीक्षणे अशी: एक कट्टा, पाय स्थिर. पाच कट्टे, पाय स्थिर. बारा कट्टे, फळी कुरकुरली, पाय स्थिर. तेराव्या कट्ट्यापर्यंत चपराशाचा हात पोचला नाही, म्हणून तेवढ्यावर पाय उत्तीर्ण करण्यात आला.

"साहेब, लोक रेलिंगवर तांदूळ ठेवत नाहीत," मंजू म्हणाली. "टेकतात. नियमात आडवा रेटा लिहिला आहे."

"मॅडम, गोंदियात लोड मतलब कट्टा. आडवा लावला का घसरून जाते. मी काय करू?"

"आणि हा पाय कशात रोवलेलाच नाही."

"म्हनूनच तर उखडला नाही ना!" भूपेंद्र समाधानाने म्हणाले.

त्यांचेही बरोबर होते. गोंदियात भार वरून खालीच येतो, कार्यालयातही.

दुसऱ्या सोमवारी मंजू सज्ज्यावर डबा घेऊन गेली. आत पाहणीला आलेल्यांसाठी चार पोळ्या होत्या, एका पायाला एक. एकोणतीस ते बत्तीस, ज्याने त्याने आपला पाय निवडावा, टेकावे आणि खावे. भूपेंद्रांना सोमवारचा उपास निघाला. खेमराज म्हणाले, "माही कंबर धरून राहिली बाप्पा, डॉक्टरनं टेकाले मनाई केली." वरिष्ठ साहेबांना टेकण्यासाठी लेखी आदेश हवा होता. आदेश काढणारे वरिष्ठ साहेबच होते.

"काऊन, बारा कट्टे झेलते ना?" मंजूने विचारले. तलावात एक पाणकोंबडी बोलली. तिचे म्हणणे नोंदवलेले नाही.

निष्कर्ष झाला तो असा. लोक टेकतात म्हणून रेटा येतो. लोक टेकलेच नाहीत तर रेटा शून्य, आणि शून्य रेटा हे चारही पाय उत्तम सहन करतात. त्याच आठवड्यात तिसाव्या पायाच्या काचेवर पाटी लागली: 'रेलिंगला टेकू नये.' मंजूच्या अर्जाचा दुसरा भागही मंजूर झाला. एकोणतीस ते बत्तीसपुढचे बाबांचे नाव खोडले, आणि त्या जागी लिहिले: 'जबाबदार: टेकणारी व्यक्ती स्वतः.'

मंजूला जे हवे होते ते मिळाले. तरी ती दर रविवारी जाते. अठ्ठाविसाव्या पायाशी काचेला पाठ लावून, पूर्ण रेलून, एक पोळी खाते. पुढे सरकणाऱ्यांना हात करते.

"भाऊ, इकडं या. इथपर्यंत माझ्या बाबांचं आहे. तिकडचं सरकारी आहे."

"हो ताई, फोटो काढून राहिलो ना, एकच मिनिट!"

कार्यालय या फोटोंचे आभारी आहे. आजवर एक हजार एकशे चाळीस जण टेकले. तक्रार एकाचीही नाही. (तक्रार करायला वर यावे लागते.) प्रत्येक फोटो भारचाचणीचा पुरावा म्हणून फाइलला लागतो.

गेल्या रविवारचा तुमचाही लागला आहे. चांगला आला आहे. मागे तलाव पूर्ण भरलेला, तुमची पाठ काचेला, पाटी तुमच्या पाठीमागे झाकलेली. डाव्या कडेला एक बाई हात हलवते आहे, ती अर्धी कापली गेली. पाय क्र. ३०. फोटोखाली जबाबदार व्यक्तीच्या नावाचा रकाना तेवढा रिकामा आहे. नावाचे स्पेलिंग कळवावे.