सगुणाबाईंची शेवटची गाठ

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी कपडे घालायला लागले होते. का, ते विचारू नका. शेजारच्या जंगलात घालतात, एवढंच कारण.

त्या जंगलात सगुणाबाई नावाची शिंपीण राहायची. शिंपी पक्ष्यांपैकीच, एवढीशी. ती राजाची शिंपीण, म्हणून राजवाड्यातल्या उंबरावर राहायला मिळालेलं. दोन पानं शिवून तिनं घर केलं होतं आणि आत तीन अंडी होती. नोकरी गेली की घरही जाणार, असा नियम.

सगुणाबाईंना एक खोड होती. शिवण संपली की एकाच जागी दोन बारीक टाके घालायच्या, सुई दोऱ्याच्या फासातून काढायच्या, दोरा ओढून गाठ बसवायच्या आणि उरलेलं टोक आत लपवायच्या. यात वेळ जायचा.

दसऱ्याच्या मिरवणुकीला सिंहमहाराजांना अंगरखा हवा होता. कोल्होबा प्रधान म्हणाले, "कामाला वेग हवा. उजवी बाजू सगुणाबाईंनी शिवावी, डावी चपळराव मुंगसानं."

चपळरावांचं दुपारीच आटोपलं. शेवटचा टाका घातला, दातानं दोरा तोडला, झालं!

"अहो, गाठ?" सगुणाबाई म्हणाल्या.

"आतल्या बाजूला कोण बघतंय, बाई?"

कोल्होबांनी खरंच नाही बघितलं. त्यांनी फक्त वेळ बघितली आणि चपळरावांची पाठ थोपटली.

मिरवणूक निघाली. महाराजांनी प्रजेला डावा पंजा हलवून दाखवला. एकदा हलवला, दोनदा हलवला. टाक्यामागून टाका सुटत गेला. आवाजसुद्धा झाला नाही. डावी बाजू गळून खाली लोंबू लागली आणि उजवी तशीच खांद्याला घट्ट. महाराजांचा पाय लोंबत्या कापडात अडकला आणि ते भर रस्त्यात पालथे! माकडं हसून हसून झाडावरून पडली. तू हसू नकोस रे, पुढं ऐक.

चौकशी बसली. ती चालली पंधरा दिवस. तेवढ्यात सगुणाबाईंची अंडी फुटून पिल्लं बाहेर आली.

सोळाव्या दिवशी कोल्होबांनी निकाल वाचला. "डावी बाजू वेळेवर सुटली. उजवीही सुटली असती, तर अंगरखा सगळाच गळून पडला असता आणि महाराज आपल्या आयाळीत शोभून दिसले असते. महाराज पडले ते उजव्या बाजूच्या हट्टामुळे. दोष गाठीचा."

"अहो, पण गाठ मारली नाही तर शिवण टिकणार कशी?" सगुणाबाई कळवळून म्हणाल्या.

"बघा, गुन्हा कबूल करतायत," कोल्होबा म्हणाले.

चपळराव राजशिंपी झाले. सगुणाबाईंचं घर उसवून पानं सरकारजमा करण्याचा हुकूम सुटला. पिल्लांना अजून पंखही फुटले नव्हते हो! सगुणाबाई रात्रंदिवस त्यांच्यावर बसून राहिल्या.

हुकूम घेऊन चपळराव उंबरावर चढले. दोऱ्याचं टोक शोधू लागले. वर बघितलं, खाली बघितलं. टोक सापडेना.

"बाई, टोक कुठंय?"

"आत."

"आत कुठं?"

"पिल्लं निजलीत, त्यांच्या खाली. उठवू?"

चपळरावांनी आत डोकं घालून पाहिलं. तीन चोची एकदम उघडल्या आणि असा कल्ला झाला की ते खालच्या फांदीवर आले. पानं फाडता आली असती. पण हुकमात 'उसवावे' होतं, 'फाडावे' नव्हतं. त्यांनी कोल्होबांकडे खुलासा मागितला. कोल्होबांनी समिती नेमली.

समितीचं उत्तर आलं, त्या दिवशी सकाळीच पिल्लं उडून गेली होती. मागोमाग सगुणाबाईही सुई घेऊन गेल्या. कुठं, ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. तुमच्यातला एखादा कोल्होबांना जाऊन सांगायचा.

तात्पर्य: सरकारी कामाला गाठ मारू नये, दातानं दोरा तोडावा. गाठी स्वतःच्या घरासाठी राखून ठेवाव्यात.