पूजेतला पाना

चिलखत या विषयावर माझ्याइतका अधिकाराने बोलणारा माणूस अख्ख्या बंगळुरात सापडणार नाही. दिवसा मी इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअर तपासतो, हे खरं. पण संध्याकाळी मी संशोधक असतो. मध्ययुगीन युरोपातले शूर सरदार, त्यांच्या शपथा, त्यांची द्वंद्वं आणि या दंतकथा पुढे कादंबरीत नि सिनेमात कशा बदलत गेल्या, हा माझा विषय. बायको प्रियदर्शनी याला 'ते तुमचं घोड्याचं' म्हणते.

अडचण एकच होती, माझ्या मार्गदर्शक सुप्रीता मॅडम. मूळच्या धारवाडच्या. मराठी उत्तम, आणि खोडून काढायची हौस त्याहून उत्तम.

"गिरीराज, तुमच्या निबंधात चिलखत आहे, आत माणूसच नाही," त्या म्हणाल्या. "कादंबरीवाले तेच करतात, सिनेमावाले तेच करतात. तुम्ही वेगळं काय सांगणार?"

पीएच.डी.चा सेमिनार मी दोनदा पुढे ढकलला होता. आता चुकला तर नाव रद्द, असं त्यांनी बजावलं होतं. तीन वर्षांची मेहनत पाण्यात! तेव्हा मी ठरवलं, सेमिनार चिलखत घालूनच द्यायचा.

पीण्या या औद्योगिक वसाहतीत माझ्या ओळखीचा सूर्यकांत आहे. निपाणीचा माणूस, पत्र्याची कपाटं बनवतो. त्याला चित्रं दाखवली. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "हे कपाटच की अण्णा. फक्त कप्पे नाहीत."

सेमिनार होता आयुधपूजेच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनला, मल्लेश्वरमला. सकाळी चिलखत आणायला सूर्यकांतच्या शेडवर पोचलो तर केळीचे खुंट, झेंडूच्या माळा आणि नुसती धावपळ. आपली खंडेनवमी इथे फार जोरात असते, आणि सूर्यकांत ती सुट्टीच्या आधीच उरकतो. त्या गडबडीतही त्याने मला चिलखतात बसवलं. छाती, पाठ, पत्र्याचे हातमोजे आणि शेवटी शिरस्त्राण. मानेशी दोन बोल्ट लावले. डोळ्यांसमोरच्या फटीतून आरशात जेवढा दिसलो तेवढा फारच रुबाबदार दिसलो.

"झकास," मी म्हणालो. "आता काढ. तिकडे जाऊन घालतो."

तेवढ्यात घंटा वाजायला लागली आणि सूर्यकांत आरतीला पळाला. परत आला तो कपाळभर कुंकू घेऊन.

"अरे, पाना आण," मी आतून ओरडलो.

"पाना पूजेत ठेवलाय की अण्णा."

"मग उचल तिथून."

"छे छे. दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. आमचे वडील असते तर त्यांनी हे बोलणंसुद्धा ऐकून घेतलं नसतं."

मी तरातरा शेजारच्या शेडमध्ये गेलो. म्हणजे खडखडत गेलो. तिथला पाना पूजेत. पलीकडच्या शेडमध्ये पाने, हातोड्या, ग्राइंडर, सगळी मंडळी हळदीकुंकू लावून ओळीने बसलेली. एवढी प्रचंड औद्योगिक वसाहत, आणि तिच्यात एक पाना मोकळा नाही! एका म्हाताऱ्या कामगाराने मला आपादमस्तक न्याहाळलं, माझ्या छातीवर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि गळ्यात झेंडूची माळ घातली. नवीन मशीन आलंय असं वाटलं असावं.

दोन वाजून गेले. रिक्षात मी मावेना. मेट्रोच्या तपासणीतून जाण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी सूर्यकांतने मला टेम्पोत चढवलं आणि कपाटाला बांधतात तसं दोरीने बांधलं. मल्लेश्वरमच्या सिग्नलला एका आजीबाईंनी मला हात जोडले. मी आशीर्वाद दिला. दुसरं काय करणार?

सेमिनारच्या खोलीत मी उभा राहिलो तेव्हा कागद खिशात आणि खिसा चिलखतात होता. घामाने चिंब झालो होतो आणि नाक भयंकर खाजत होतं. मग मी नाकावरच बोललो.

"मित्रहो, कथाकारांनी आपल्यापासून नाक लपवलं. शपथ, प्रेम, पराक्रम हे सगळं नंतर. आधी नाक खाजतं आणि हात तिथवर पोचत नाही. सिनेमातला नायक एका हाताने शिरस्त्राण उचलतो आणि केस झटकतो. साफ खोटं आहे! ते निघत नाही. ते दसऱ्यापर्यंत निघत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुप्रीता मॅडम चक्क उठून उभ्या राहिल्या.

"आज आत माणूस सापडला," त्या म्हणाल्या. "हे दसऱ्याचं काय ते मात्र कळलं नाही."

मी सकाळपासूनची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली.

"एक शंका आहे, गिरीराज. पाना पूजेत होता ना? मग हे बोल्ट आवळले कशाने?"

मॅडम पुढे आल्या, दोन बोटांनी एक बोल्ट फिरवला, मग दुसरा. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघावं तसं शिरस्त्राण निघालं. मी आधी नाक खाजवायला गेलो तर पत्र्याचा हातमोजा नाकावर आपटला.

बाहेर येऊन सूर्यकांतला फोन लावला.

"बोटांनीच लावले होते की अण्णा," तो म्हणाला. "तुम्ही पाना पाना करून ओरडलात, मला वाटलं अजून घट्ट पाहिजे."

सेमिनार मंजूर झाला, नाव राहिलं. मॅडमनी फक्त एक दुरुस्ती सुचवली. 'ते निघत नाही' हे वाक्य प्रबंधात घ्यायचं नाही, म्हणाल्या.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, तीन वर्षांच्या संशोधनात तेवढं एकच वाक्य माझं स्वतःचं होतं.