विसूनानांचं बिनचूक पुस्तक

विसूनाना कुठलंही पुस्तक वाचायला घेत, ते छापखान्याच्या पत्त्यापासून. तुम्हीआम्ही पुस्तक उघडलं की पहिलं प्रकरण कुठं आहे ते बघतो. नाना आधी मुद्रक कोण, प्रकाशक कोण, छापखाना कुठल्या बोळात, किंमत काय, हे सगळं खणखणीत आवाजात वाचणार. 'सर्व हक्क स्वाधीन' या शब्दांशी, देवळाच्या उंबऱ्याशी थांबावं तसे क्षणभर थांबणार. मग शुद्धिपत्र वाचणार. शुद्धिपत्र नसलेल्या पुस्तकाचा त्यांना फार संशय. "चुका नसलेलं पुस्तक नसतं, भाऊसाहेब. न सापडलेल्या चुकांचं असतं," असं म्हणायचे.

पुण्याच्या एका छापखान्यात त्यांनी उभी हयात प्रुफं तपासण्यात घालवली होती. छापखाना सुटला, पण कानामागची निळी पेन्सिल काही सुटली नाही. गावात कुणी लग्नपत्रिका दिली की नाना ती दुरुस्त करून परत देत. एकदा तर अक्षता पडायच्या ऐन वेळी मांडवात शिरून त्यांनी वरबापाच्या हातात पत्रिका ठेवली आणि म्हणाले, "मुलाच्या नावातली वेलांटी आधी सरळ करा, मग सून आणा." वाचनालयात एकदा भलाथोरला नाग निघाला. मी किंचाळलो, "नाना, साप!" नाना वर न बघता म्हणाले, "ऐकू आलं. उद्गारचिन्ह एकच पुरे." तो नाग इतका ओशाळला की फणा मिटून, आल्या वाटेनं मुकाट्यानं निघून गेला.

या गोष्टीवर नानांचा आक्षेप होता. त्यांच्या मते ती पाल होती. मी काहीही सांगायला लागलो की चष्म्यावरून बघत ते विचारायचे, "छापलंय का तसं?" नाही म्हटलं की, "मग राहू द्या. छापील तेच खरं."

ही चिंचवडच्या खालच्या अंगाची, पवनाकाठच्या एका गावातली हकीकत. पलीकडच्या माळावर तेव्हा औषधांच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं आणि मी तिथं हजेरी मांडणारा कारकून होतो. साताऱ्याकडून आलेलो, गावात खोली घेऊन राहायचो. सगळे मला भाऊसाहेब म्हणत. नाना बायको गेल्यावर पुणं सोडून इथं आले. मूलबाळ नव्हतं. चावडीला लागून असलेल्या खोलीत 'सार्वजनिक वाचनालय' अशी पाटी होती. आत एक कपाट आणि एक बाक. नानांनी पाटीवरचा एक काना दुरुस्त केला आणि तिथंच मुक्काम टाकला. वाचक तीन: नाना, मी आणि सरपंचांची शेळी. तिघांत जास्त कागद शेळीच्या पोटात गेला.

एक दिवस सरपंच दारात येऊन उभे राहिले.

"नाना, हितं मानूस येत न्हाई. खोली सोसायटीला पायजे, बी-खत ठिवायला."

"पुस्तकं आहेत इथं."

"हायती की. पन वाचतंय कोन? दसऱ्यापातूर मान्सं आली तर खोली तुमची. न्हाई आली तर खताची."

नानांच्या आयुष्यात त्या खोलीखेरीज काही उरलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून पिशवीत पुस्तकं घालून ते घरोघर हिंडायला लागले. लोकांनी पुस्तकं आनंदानं घेतली. कुणी रांजणावर झाकण म्हणून ठेवलं, कुणी लोणच्यावर दडपण म्हणून. एका घरी प्रवासवर्णन पाळण्याच्या पायाखाली गेलं. पाळणा हलायचा थांबला, प्रवासही थांबला. नाना गोळा करून आणत, हळदीचे डाग पुसत बसत.

शेवटी मीच म्हटलं, "नाना, हे गाव वाचत नाही, ऐकतं. श्रावण आलाय. पोथी लावा."

"कसली पोथी?"

"कादंबरीची."

नानांनी पेन्सिल कानामागून काढली, पुन्हा ठेवली. पोथीची रीत त्यांना ठाऊक होती: एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, आणि शेवटी समाप्तीला गावजेवण. मग म्हणाले, "एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही."

"बिशाद कुणाची!"

"आणि अर्थ कोण सांगणार?"

मी नम्रपणे मान खाली घातली. नानांनी दीर्घ श्वास सोडला.

मग त्यांनी आपल्या ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक काढलं. त्याचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. का ते पुढं कळेल. "याला शुद्धिपत्र नाही," नाना हळूच म्हणाले, जणू घराण्यातली गुप्त गोष्ट सांगावी. "मी तपासलेलं. उभ्या आयुष्यात बिनचूक निघालं ते एवढंच. कितीदा शोधलं. एकसुद्धा नाही." पुस्तकावरून त्यांनी हात फिरवला, तो मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. गोष्ट साधी होती. रघू नावाचा गरीब पोरगा आगबोटीवर कोळसा टाकायच्या नोकरीला लागतो आणि इकडं त्याची आई वाट बघते.

पहिल्या संध्याकाळी चावडीत चौरंग मांडला, समई लावली, पुस्तकाला बुक्का वाहिला. नानांनी घसा खाकरून छापखान्याचा पत्ता वाचला. सगळ्या सभेनं हात जोडले. 'सर्व हक्क स्वाधीन' ऐकल्यावर सरपंचांनी नारळ फोडला. मागून कुणीतरी म्हणालं, "या पोथीचं मंगलाचरन लई कडक हाय, राव!"

पहिलं प्रकरण झाल्यावर माझी पाळी आली. समुद्र सभेतल्या कुणी पाहिला नव्हता. मीही नव्हता, त्यामुळं मला अडायचं कारण नव्हतं. म्हटलं, "बोट म्हणजे काय? चिंचवड स्टेशनात तिचं नाक, तर देहूरोडला शेपटी. तिच्या धुराड्यात आपलं आख्खं गाव उभं राहील, वर दोन बैलगाड्यांना जागा उरेल."

"छापलंय का तसं?" नाना कडाडले.

"नाना, गप ऱ्हावा," सरपंच म्हणाले. "अर्थ चाललाय."

आणि मग, कसं सांगू तुम्हाला, समुद्र गावात शिरला. दिवेलागणीला पवनेवरून धुकं वर चढायचं, समईभोवती रेंगाळायचं, आणि नानांचा तो एकसुरी, स्वच्छ, कुठल्या स्वल्पविरामाला किती थांबायचं हे जाणणारा आवाज त्या धुक्यावर तरंगत राहायचा. माणसं भिंतीला टेकून डोळे मिटायची आणि सगळी चावडी हळूच दोरखंड सोडून निघायची. माळावरच्या बांधकामाचा भोंगा वाजला की म्हातारी माणसं झोपेत म्हणायची, "बोट लागली जनू." धुणं धुणाऱ्या बायका सकाळी नदीचं पाणी बोटानं जिभेला लावून बघत, खारट झालंय का म्हणून. एका म्हाताऱ्यानं शपथेवर सांगितलं की पहाटे त्याच्या उसातून शीड गेलं. पलीकडच्या काठाची माणसं यायला लागली, बांधकामावरचे गवंडी आले. पिंपरीच्या निर्वासित कॅम्पातला एक सिंधी पापडवाला रोज यायचा. त्याला मराठी कळत नव्हतं. पण आपला गाव दर्यापलीकडं राहिलाय असं सांगायचा आणि 'समुद्र' शब्द आला की टोपी काढायचा.

गावानं कादंबरीला पोथीच मानलं होतं. रघूच्या बहिणीला मुलगा झाला त्या दिवशी चावडीत पाळणा बांधून सुंठवडा वाटला. रघूला बोटीवर ताप भरला, तर कितीजणींनी उपास धरले. नानांनी परोपरीनं समजावलं, "अहो, ही कादंबरी आहे, कल्पित!" तर उत्तर आलं, "नाना, तुमीच म्हनता न्हवं, छापील तेच खरं?"

दाराच्या कडेला यमुनाआक्का बसायची. तिचा एकुलता एक किसन मागल्या मोठ्या लढाईत 'लामावर', म्हणजे फौजेत भरती होऊन, गेला होता. बोटीत बसला एवढं कळलं, पुढं काहीच कळलं नाही. लढाई संपून वर्षं लोटली, आजूबाजूच्या गावांतले लामावरचे बाकीचे परत आले, पेन्शनी खाऊन लठ्ठ झाले. आक्का अजून चुलीशेजारी एक पाट जास्तीचा मांडायची. गावात तिला कुणी काही बोलत नसे. वाचन संपलं की उठता उठता ती विचारायची,

"बोट कुठवर आली, नाना?"

"एडनपर्यंत."

"म्होरं?"

"पुढचं उद्या."

नाना कधी पुढचं सांगत नसत. ती मान हलवायची आणि काठी टेकत निघून जायची.

नवरात्र बसलं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी समाप्ती ठरली. चुलवणं खणली, भोपळे आले, आणि सरपंचांनी जाहीर करून टाकलं, "पोथी ग्वाड संपली की खोली कायमची वाचनालयाची. पन ग्वाड संपाय पायजे हां नाना. अपशकुनी पोथी गावात नगं." समाप्तीच्या दुपारी मी शेवटचं प्रकरण चाळलं. धावत नानांकडे आलो.

"नाना, यात तर रघू मरतो!"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच तपासलंय."

"मग शेवट बदला. दोन शब्दांचा प्रश्न आहे. मी करून देतो."

"छापलंय का तसं?"

"खोली जाईल, नाना! खताची पोती येतील इथं."

नाना कपाटातली पुस्तकं सारखी करत होते. ती आधीच सारखी होती. म्हणाले, "जाऊ दे. खोलीसाठी मी अक्षर बदलणार नाही. उभ्या जन्मात एक गोष्ट बिनचूक झालीय माझ्या हातून, भाऊसाहेब. ती तरी राहू दे."



संध्याकाळी चावडी अशी भरली की पिंपळावरची पाखरं जागा सोडून चिंचवडला मुक्कामाला गेली. नाना वाचायला बसले. मी अर्थ सांगणारा, म्हणून त्यांना खेटून; पान मला स्वच्छ दिसत होतं. दाराशी यमुनाआक्का. आज ती नवं लुगडं नेसली होती आणि तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. मी शेजारच्याला खुणेनं विचारलं. तो कुजबुजला, "लाडू हायती. रघू उतरला की वाटनार म्हनती."

नानांनीही ते ऐकलं असावं. त्यांचा आवाज जिथं स्वल्पविराम नव्हता तिथं थांबला. असं मी प्रथमच पाहिलं.

पुन्हा आवाज सुरू झाला. बोट बंदरात शिरली. आई धक्क्यावर उभी. दोर फेकले, शिडी लागली, एकेक खलाशी उतरला. माझी नजर पुढं धावली. पानाच्या तळाशी शेवटच्या दोन ओळी होत्या: 'रघूची पेटी उतरली. पेटीमागून कुणीही उतरलं नाही.'

"रघूची पेटी उतरली," नानांनी वाचलं.

धुकं उंबऱ्यापर्यंत आलं होतं. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, डोळे पुस्तकावरच.

"पेटीमागून रघू उतरला," ते म्हणाले, आणि पुस्तक मिटलं.

असा जल्लोष झाला की माळावर बांधलेल्या भिंतीचा गिलावा पडला म्हणतात. 'बोला पुंडलिक वरदाऽ' झालं. पापडवाल्यानं टोपी हवेत उडवली. मग सरपंच माझ्याकडे वळले, "भाऊसाहेब, अर्थ!"

मी उभा राहिलो. सगळी चावडी माझ्याकडं बघत होती. म्हटलं, "उतरला म्हणजे... उतरला." आणि खाली बसलो. माझं सगळ्यांत आखूड प्रवचन ते. पण त्यालाच सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या.

लाडू वाटून झाले. मंडळी पंगतीकडं वळली. यमुनाआक्का तेवढी सरकत सरकत चौरंगापाशी आली.

"नाना, कुठं छापलंय ते? मला दावा."

आक्काला अक्षरओळख नव्हती. नानांनी पुस्तक पुन्हा उघडलं, शेवटचं पान काढलं. तिचं वाळकं बोट आपल्या हातात धरून शेवटच्या ओळीवर नेऊन ठेवलं. जी ओळ होती, तिच्यावरच.

"इथं," ते म्हणाले.

तिनं त्या ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "लई वाळला आसंल," म्हणाली, "बोटीवरचं खाऊन." आणि काठी टेकत पंगतीला गेली.

आम्ही दोघंच उरलो. 'छापलंय का तसं?' हा प्रश्न नानांवर उलटवायची वाट मी केव्हापासून बघत होतो. आता तो ओठावर येईना.

नानाच बोलले. "या पुस्तकात चूक नाही असं म्हणत होतो ना मी? एक राहिली होती, भाऊसाहेब."

पेन्सिल त्यांनी हातात घेतली, पानाशी नेली, आणि काही न लिहिता पुन्हा कानामागे ठेवली. पुस्तक फडक्यात गुंडाळून कपाटाऐवजी काखेला मारलं. बाहेरून सरपंच ओरडत होते, "नाना, पानं वाढली! अन् खत दुसरीकडं ठिवतो, या आता!"

दाराशी नाना थांबले.

"हे उद्यापासून कपाटात नसेल. कुणी मागितलं तर सांगा, बाहेर गेलंय."

"कुठवर गेलंय म्हणून सांगू?"

नानांनी धुक्यात पंगतीकडं पाहिलं. आक्का आपल्या शेजारी एक पान जास्तीचं मांडायला सांगत होती.

"एडनच्या पुढं," ते म्हणाले.