दुपारच्या बसमधले इंगळे सर

इंगळे सरांनी चिखलीतल्या एका कापडदुकानाचं अर्धं गिऱ्हाईक पळवून लावलंय. पाटी होती, 'पन्नास टक्क्यांपर्यंत सूट'. सर दारात उभे राहून आत शिरणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होते की 'पर्यंत'मध्ये शून्यही येतं. शेवटी मालकानं चहा पाजून त्यांना वाटेला लावलं.

चिखलीतच राहणारे गणिताचे निवृत्त मास्तर. लग्नपत्रिका असो की मंत्र्याचं भाषण, चूक दिसली की हा माणूस सोडत नाही.

आमच्या गावच्या बसफेऱ्या आधीच कमी केल्या होत्या, आता उरलेल्याही बंद होणार होत्या. बस गेली म्हणजे चिखलीला शिकणाऱ्या पोरींची शाळा गेली. मी पेटून पत्रक छापलं : 'फेऱ्या तीनपट कमी करणाऱ्या प्रशासनाचा धिक्कार!' सरांनी सहीच केली नाही.

"तीनपट कमी म्हंजे काय बे? एकपट कमी झालं का शून्य. पुढं काय बस उलटी चालवता?"

लोकांना समजतं, मी म्हणालो.

"समजते, पण चुकीचं समजते."

मग सगळ्या पत्रकांवर मी हातानं 'एक तृतीयांशावर आणणाऱ्या' लिहीत बसलो. क्रांती अशी रखडते.

पत्रकं घेऊन आम्ही दोघं एसटीच्या आगारात गेलो. तिथले साहेब म्हणाले, सरासरी काढली तर अर्धी बसही भरत नाही. सर उसळले. सकाळी पोरी दारात लोंबकळतात, दुपारची फेरी रिकामी धावते, त्याची कसली सरासरी काढता?

"तुमच्या सरासरीच्या शिटावर एक तरी पोरगी बसली काय, साहेब?"

साहेब म्हणाले, महिनाभर प्रवासी पुन्हा मोजू, मग ठरवू. मी घेरावाच्या तयारीला लागलो. सर मात्र दिसेनासे झाले. म्हातारा कच खाऊन पळाला, असं मी चारचौघांत बोललोही.

नंतर एकदा चिखलीहून दुपारच्या बसनं गावाकडे निघालो. अख्ख्या बसमध्ये एकटे सर, खिडकीशी.

आमच्या गावात काय काम काढलंत, मी विचारलं.

"काई नाही. जातो, अन् याच गाडीनं वापस येतो. रोज. सरासरी वाढवून राह्यलो."

मला हसू आलं. एका माणसानं असा काय फरक पडणार?

"लय नाही पडत," सर म्हणाले. हे त्यांना माझ्याआधी ठाऊक असणारच. मग बाहेर बघतच बोलले, "तिकीट अर्धं लागते मले, पण मोजतात पुरा माणूस. तुझी काकू गेल्यापासून घरी तेवढंही कोणी मोजत नाही."

गाव आलं. बस वळली. मी उतरलो नाही, कंडक्टरकडे चिखलीचं तिकीट मागितलं.