फताडीची दोरी आणि सत्काराची तारीख

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. झाडं होती, नदी होती आणि एक सत्कार समितीही होती. सिंह कुठे आहे, असं लगेच विचारू नका. सिंह हा प्रमुख पाहुणा असतो. तो उशिराच येतो.

त्या जंगलात द्वारकाक्का नावाची एक साळू राहायची. साळू म्हणजे काय, माहीत आहे ना? अंगभर हातहातभर काटे असलेला प्राणी. द्वारकाक्का स्वभावाने अगदी गरीब. पण काट्यांमुळे तिच्याजवळ कुणी बसत नसे. तिचा नवराही, होता तोवर, तीन हात लांब बसूनच संसार करून गेला.

एकदा ती नदीवर पाणी प्यायला गेली. तिथे लव्हाळ्यात तिला हंसाची तीन पिल्लं दिसली. हंस म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर चित्रातला पांढराशुभ्र पक्षी आला असेल. तो पुसून टाका. ही पिल्लं मातकट रंगाची होती, चिखलाने माखलेली होती आणि उपाशी असल्यामुळे चिडलेली होती. त्यात तिसरीची अवस्था फारच वाईट. गुळगुळीत ओल्या दगडावर पडून राहून तिचे दोन्ही पाय दोन दिशांना फाकले होते. तिला उभंच राहता येईना.

"आई कुठाय रे तुमची?" द्वारकाक्काने विचारलं.

"दौऱ्यावर गेली आहे," थोरलं पिल्लू म्हणालं. "पिल्लांचं संगोपन या विषयावर तिची व्याख्यानं असतात. आज बावन्नावं आहे."

द्वारकाक्काने एकेका पिल्लाला दातांत हलकेच धरून आपल्या बिळात आणलं. आणलं खरं, पण पिल्लं थंडीने कुडकुडायला लागली. त्यांना ऊब द्यायची कशी? वरून सगळे काटेच. पण पिल्लांना कुठे काय कळतं? ती सरळ तिच्या पोटाखाली शिरली. साळूच्या पोटाला टोचणारे काटे नसतात. ही गोष्ट जंगलात कुणालाच ठाऊक नव्हती, कारण तिथवर कुणी गेलंच नव्हतं.

द्वारकाक्का दुपारभर हलली नाही. इतकी वर्षं गेली आणि आज पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला चिकटून बसलंय, म्हणून तिला रडूच आलं. सांगताना मलाही जरा डोळे पुसावे लागतात. पण बोधकथा सांगणाऱ्याने असं करायचं नसतं, म्हणून पुढे जाऊ.

तिने कोवळी हरळी बारीक कुरतडून पिल्लांना भरवली. नाचणी भिजवून घातली. तिसरीचं नाव तिने लाडाने फताडी ठेवलं. मग केळीच्या सोपटाची मऊ दोरी केली आणि फताडीचे पाय दोन बोटांचं अंतर ठेवून एकमेकांना बांधले, म्हणजे ते पुन्हा फाकणार नाहीत.

"पाच दिवस बांधायची," ती फताडीला म्हणाली. "सहाव्या दिवशी सोडायची म्हणजे सोडायचीच. तू वाढशील बाई, पण दोरी काही वाढायची नाही."

पाचव्या दिवशी बिळापाशी सत्कार समितीचे चिटणीस आले. हे सखाहरी वानर. ते चार हात लांब उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "अक्का, तुमच्या सेवेची समितीने दखल घेतली आहे. येत्या रविवारी तुमचा जाहीर सत्कार. शाल, श्रीफळ आणि मानपत्र."

"मला शाल?" अक्काचा विश्वासच बसेना. "आणि पांघरणार कोण?"

"खुद्द सिंहमहाराज. स्वहस्ते."

बाळांनो, ज्याच्या खांद्यावर जन्मात कुणी हात ठेवला नाही, त्याला स्वहस्ते या शब्दाने काय होतं, ते तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल. द्वारकाक्का लाजली. तिचे सगळे काटे एकदम खाली बसले.

"फक्त एक करा," चिटणीस म्हणाले. "रविवारपर्यंत पिल्लाची दोरी राहू द्या."

"अहो, ती तर उद्या सोडायची आहे."

"पत्रिका छापून झाल्यात अक्का. हे बघा. 'जखमी पिल्लू व्यासपीठावर उपस्थित राहील.' आता छापलेलं खोटं कसं पाडायचं? आणि तीन दिवसांनी असा काय फरक पडतो?"

फरक पडतो, हे अक्काला चांगलं ठाऊक होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर शाल होती. ती म्हणाली, "बरं. तीनच दिवस हं."

रविवार उजाडला. सिंहमहाराज आले नाहीत. त्यांना एका धबधब्याचं उद्घाटन करायचं होतं. धबधबा हजारो वर्षं कोसळतच होता, पण अनधिकृतपणे. म्हणून महाराजांनी फीत कापली आणि मग तो रीतसर कोसळू लागला.

समितीने पत्रिकांवर नवी तारीख चिकटवली. गुरुवार.

गुरुवारीही सिंहमहाराज आले नाहीत. त्यांना दोनशे वर्षांच्या एका वडाचं वृक्षारोपण करायचं होतं. वड आधीच लावलेला असल्यामुळे तो उपटून पुन्हा लावण्यात सगळा दिवस गेला. समितीने पुन्हा चिठ्ठ्या चिकटवल्या. पुढचा गुरुवार.

इकडे दोन्ही थोरली पिल्लं टुणटुणीत झाली होती आणि बिळाबाहेर धावत होती. फताडीही वाढली होती. मान लांब झाली, पंख फुटू लागले, पाय जाड झाले. दोरी मात्र होती तेवढीच राहिली. ती आता पायांत रुतायला लागली होती.

फताडी तक्रार करणारी नव्हती. तिने फक्त विचारलं, "अक्का, पायांना मुंग्या यायच्या, त्याही थांबल्या. तुझा सत्कार झाला की मी चालेन ना?"

द्वारकाक्काने तिच्याकडे पाहिलं. मग दोरीकडे पाहिलं. तिला स्वतःची एवढी लाज वाटली की काय सांगू! तिने वाकून एका चाव्यात दोरी तोडून टाकली.

फताडी उभी राहिली आणि धपकन पडली.

त्यानंतरचे सहा दिवस द्वारकाक्का बिळात दिसलीच नाही. ती दिवसभर नदीच्या उथळ पाण्यात उभी असायची आणि फताडीला तरंगायला लावून पाय मारायला शिकवायची. काठावर आली की करंजाच्या तेलाने पाय चोळायची. "हाण गं, हाण लाथ! तो वानर समोर आहे असं समजून हाण!" असं ओरडायची. सातव्या दिवशी सकाळी फताडी चार पावलं चालली. मग दहा. डावा पाय तेवढा जरासा आत वळायचा. तो कायमचाच तसा राहिला.

नेमका त्याच गुरुवारी सिंह आला.

मैदान गच्च भरलं होतं. द्वारकाक्का आली, मागून रांगेत तीन पिल्लं आली. सखाहरी वानरांनी पिल्लं मोजली, पुन्हा मोजली आणि विचारलं, "जखमी पिल्लू कुठाय?"

"हे काय, चालतंय की."

सभेत कुजबुज झाली. मग आरडाओरडा झाला. एक रानडुक्कर उठून म्हणालं, "ही शुद्ध फसवणूक आहे! आम्ही जखम बघायला घरदार टाकून आलोय!"

"अक्का, पाच मिनिटं," चिटणीस हळूच म्हणाले. त्यांच्या हातात नवी दोरी होती. "फोटोपुरती बांधू. लगेच सोडू."

द्वारकाक्काचे सगळे काटे खडखडून उभे राहिले. "हात लावून तर बघा."

चिटणीस मागे सरकले. समितीही सरकली. प्रमुख पाहुणेसुद्धा खुर्चीसकट थोडे सरकले.

मग समितीची झाडामागे तातडीची बैठक झाली. पिल्लू बरं झालेलं आहे, म्हणजे आता सेवा चालू नाही. सेवा चालू नसताना सेवेचा सत्कार करता येत नाही. पण शाल तर आणलेली होती, नारळ सोललेला होता.

"मुळात ही पिल्लं टाकली कुणी?" एका सदस्याने विचारलं.

"मंजुळाबाई हंसिणींनी. आपल्या आजच्या वक्त्या त्याच आहेत."

"मग झालं तर! त्यांनी पिल्लं टाकली नसती, तर ही सेवा घडली असती का? मूळ प्रेरणा त्यांचीच."

ठराव एकमताने मंजूर झाला. सिंहाने स्वहस्ते मंजुळाबाईंच्या खांद्यावर शाल पांघरली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मंजुळाबाईंनी संगोपनावर दोन तास भाषण केलं. सिंहाने ते झोपेत ऐकलं.

व्यासपीठावरून उतरताना मंजुळाबाईंना ती तीन पिल्लं दिसली.

"अगंबाई, किती गोड! कुणाची हो ही?"

"तुमचीच," द्वारकाक्का म्हणाली.

"हो का?" मंजुळाबाईंनी शाल सावरली आणि फताडीला निरखून पाहिलं. "हिचा डावा पाय आत वळतोय, अक्का. वेळीच बघायला हवं होतं. तुमचं लक्ष कुठे होतं?"

सभेतल्या सगळ्यांनी द्वारकाक्काकडे पाहून मान हलवली. ती खाली मान घालून घराकडे वळली. तिच्या मागून दोन पिल्लं सरळ निघाली आणि एक जरा कलत.

तात्पर्य: बाळांनो, आपली पिल्लं नदीकाठी अवश्य टाकून द्यावीत. त्याशिवाय समाजात सेवाभाव वाढत नाही. आणि दुसऱ्याने टाकलेली पिल्लं चुकून आपल्याला सापडलीच, तर त्यांना बरं करण्याची घाई करू नये. आधी सिंहाला कोणता गुरुवार मोकळा आहे, ते विचारून घ्यावं.