तीन घरांचा मापाडी

नामदेवजी आमच्या तिघांपैकी कुणाच्याही घरी आले की आधी पिशवीतून स्वतःचा तांब्या काढत, त्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं सोडत आणि स्वतःचंच पाणी पीत. यजमानाने गडू पुढे केला की हात जोडून म्हणत, "नोको बाप्पा. काटा हालते."

काटा हा त्यांचा प्राण. दारव्ह्याच्या जिनात मापाडी म्हणून कापूस मोजण्यात त्यांची उमर गेली होती. आमचे मोठे काका त्यांचे जिवलग दोस्त. काकांना मूलबाळ नव्हतं, काकू आधीच गेलेली. मृत्युपत्रात त्यांनी लिहिलं, की शेत, घर, भांडीकुंडी तिघांना सारखी द्यावी: श्यामदादाला, मला आणि कुसुमताईला. वाटणी करावी नामदेवजींनी. श्यामदादा माझा थोरला चुलतभाऊ, कुसुमताई बाभुळगावला दिलेली आतेबहीण. आमची राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, त्या सुमाराची ही गोष्ट. सरकार हललं, आमची वाटणी मात्र जागची हलेना.

कारण नामदेवजींना घाई माहीतच नव्हती. पितळेची भांडी त्यांनी वजनावर वाटली. लोणच्याच्या बरणीचेसुद्धा तीन वाटे केले. एक फोड उरली, ती सगळ्यांच्या देखत गाईपुढे धरली. गाईनेही तोंड फिरवलं.

वाटणी पुरी होईपर्यंत तिघांपैकी कुणाच्याही घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी त्यांची शपथ होती. माझ्या बायकोने एकदा मुद्दाम पुरणपोळी केली. नामदेवजी उंबऱ्याशी बसले, डोळे मिटून म्हणाले, "वास घ्याले मनाई नाही." छाती भरून वास घेतला आणि वर तांब्यातलं पाणी प्याले.

बैलजोडी फोडत नाहीत, म्हणून ती अख्खी श्यामदादाला गेली आणि बदल्यात मला ओढ्याकाठचा तुकडा आला. तुकडा चांगला होता, नाही कशाला म्हणू? पण पोळ्याला दादाने त्या जोडीच्या शिंगांना बेगड लावून ती माझ्याच दारावरून मिरवत नेली, तेव्हा माझ्या पोटात जे दुखलं, त्याला ओव्याचा गुण येत नाही. दादाला माझा तुकडा सलत होता. आणि आम्हा दोघांनाही कुसुमताईला गेलेली दुभती गाय सलत होती.

अशात बातमी आली, की नामदेवजींनी कुसुमताईकडे पन्हं घेतलं! दादा तडक वकिलाकडे पळाला. मीही मागे राहिलो नाही. खरी हकिकत एवढीच होती, की बाभुळगावच्या मोटार अड्ड्यावर चैत्राच्या उन्हात नामदेवजींना भोवळ आली, ताईच्या नवऱ्याने उचलून घरी नेलं आणि धड शुद्धीवर येण्याआधीच पन्हं पाजलं.

दोन दिवसांनी नामदेवजी ताईकडचाच पेला घेऊन माझ्या दारात हजर.

"भर पन्हं. काठोकाठ नोको, दोन बोटं कमी. तिथं इतकंच होतं."

माझ्याकडे प्याले, मग तोच पेला घेऊन दादाकडे जाऊन प्याले. "झाला काटा बराबर. आता करा कज्जा!"

कज्जा तिथंच मिटला. दादाच्या पन्ह्यात गूळ जास्त होता असं मागाहून कळलं, आणि ते मला बरेच दिवस डाचत राहिलं.

शेवटी एकदाची वाटणी झाली, सह्या झाल्या. दुसऱ्याला जास्त गेलं अशी प्रत्येकाची खात्री. आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो आणि तिघेही नामदेवजींशी. आता ते कुठंही जेवायला मोकळे होते, पण कुणी बोलावलंच नाही.

पुढल्या साली अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने कुणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवतात आणि पोटभर जेवू घालतात. बायको म्हणाली, "मोठ्या काकाजीच्या नावानं नामदेवजीले बोलवा."

"त्यायनं बैलं दादाले देल्ले."

"मंग बैलाईलेच बसवा पाटावर!"

चपला अडकवून त्यांच्या घरी गेलो. नामदेवजी ओट्यावर बसले होते. आंघोळ झालेली, धुतलेलं धोतर, डोक्यावर नवी टोपी.

"कुठं निंगाले?" मी विचारलं.

"कुठीच नाही. म्हटलं, तिघांतून कोनी आलं त आपन तयार असावं."

वाटेत मला राहवेना. "काकाजीनं तुमाले काहीच ठेवलं नाही. राग नाही आला?"

ते थांबले. "राग नाही. हेवा वाटे तुमचा."

"वाटनीचा?"

"नाही रे. तो गेला, त लोकं तुमच्याजवळ येऊन बसले. तुमाले धीर देल्ला. मी उमरभर त्याच्या बाजूले जेवलो, पन माह्याजवळ कोन येईन? मी त्याचा कोन? रडाव त कोन्या नात्यानं? वाटनी होयेस्तोर त्याच्या घराची किल्ली माह्यापाशी होती. सांजीले जाऊन तिथं बसो. म्हनून घाई नाही केली."

घरी त्यांना पाटावर बसवलं. बायकोने आमरस वाढला, सांजोरी वाढली. ते सावकाश जेवत होते.

"काकाजी, आनखी एक घेता?" मी विचारलं. पितराला नात्यानेच हाक मारायची असते, म्हणून तोंडातून आलं.

हातातला घास हातातच राहिला. मग म्हणाले,

"घेतो. पन पुन्हा एक डाव विचार."