मेंढरामागं शिकलेलं

आमची आज्जी ओठ न हलवता बोलायची. शब्द स्पष्ट, चेहरा मात्र ढिम्म. लग्नाच्या पंगतीत ती शेजारणीला नवरीच्या सासूचे सगळे प्रताप ऐकवायची आणि समोरच बसलेल्या त्या सासूला पत्ता नसायचा.

"आज्जी, हे कुठं शिकलीस गं?"

"मेंढरामागं."

आम्ही चितेगावचे धनगर, त्यामुळं हे उत्तर कुठंही खपायचं. चहा उभ्यानं दोन घोटांत संपवणं? मेंढरामागं. कारखान्याचा भोंगा झाला की हातातलं टाकून जेवायला बसणं? मेंढरामागं! एकदा आमचा टीव्ही बंद पडला. मेकॅनिक तासभर घाम गाळत होता. आज्जीनं त्याला बाजूला सारलं, चष्मा चढवला, "हितला डाख सुटलाय बघ," म्हणाली आणि स्वतःच सोल्डर मारून टीव्ही चालू केला. मेकॅनिक माझ्याकडं बघत राहिला. मी तरी काय सांगणार? म्हटलं, मेंढरामागं शिकली. बिचारा मान डोलवत गेला.

दहावीनंतर मला आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, भडकले. "आपल्या घरातली बाई कधी कारखान्यात गेली नाय. जायची बी नाय!" दुसऱ्या दिवशी फॉर्मची मुदत संपत होती. मी रडून डोळे सुजवले.

आज्जी लसूण सोलत होती. ती चांगली मोठ्यानं म्हणाली, "बाळ्या, खोटं किती बोलशील? सहा वर्सं मी टीव्हीच्या कारखान्यात गेले. तुझा डबा करूनच जायची की."

दादा खाली बघायला लागले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं!

मग सगळं बाहेर आलं. कारखान्यात आज्जीच्या शेजारी बौद्ध वस्तीतली कौसाबाई बसायची. सुपरवायझरला कळू नये म्हणून दोघी बिनओठांच्या गप्पा मारायच्या. विद्यापीठाच्या नामांतरासाठी कौसाबाई सत्याग्रहाला गेली आणि तिला हर्सूलच्या जेलात टाकलं. थंडीचे दिवस. आज्जीनं गुपचूप घरचं घोंगडं नेऊन दिलं आणि तिथंच घोटाळा झाला. आमच्या घोंगड्याची किनार आजोबा स्वतः पुढं बसून विणून घ्यायचे. तशी दुसरी आसपास नव्हती. कौसाबाई सुटून आली, तेच घोंगडं पांघरून एसटीतनं उतरली, ती नेमकी आजोबांच्या पुढ्यात. बौद्ध वस्तीशी असली मैत्री आजोबांना खपली नाही. त्या दिवसापासून आज्जीचं काम बंद, आणि घरात त्याचं नावही काढायचं नाही.

"आन् घोंगडं?" मी विचारलं.

"मागून आन म्हनले तुझे आजोबा. नाय आनलं. तेवढं मी बी ऐकलं नाय."

मला आज्जीचा असा अभिमान वाटला की तिला मिठीच मारली.  मग दादा उठले, सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं आणि फॉर्मवर सही केली.

सकाळी निघाले तर आज्जी ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी.

"फॉर्म द्यायला दोघी कशाला गं?"

"फार्म तू दे. मला वाटंत छावणीच्या स्टॉपवर उतरव. कौसा तितं लेकीपाशी राहती म्हनं." आज्जीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मला तिची लाज वाटली म्हून मी काम सोडलं, आसंच तिला आजवर वाटत आसंल. तसं नव्हतं, एवढं सांगायचं राह्यलंय. चल, बिगीबिगी."